एक इंग्रजी शब्द, दोन अर्थ आणि नेमकेपणाचा भ्रम

कार्यालयात असो वा महाविद्यालयात, मराठीतून लिहिण्याचा प्रश्न निघाला की दोन आक्षेप हमखास पुढे येतात. मराठी पारिभाषिक शब्द बोजड आहेत, ही पहिली तक्रार जुनी आहे आणि काही अंशी खरीही आहे. परंतु तिच्या मागोमाग येणारी दुसरी तक्रार अधिक गंभीर असते. मराठी शब्दात अर्थ निसटतो, इंग्रजी शब्द मात्र नेमका असतो. म्हणून व्यवहारात, कायद्यात आणि शास्त्रात मूळ इंग्रजी शब्दच ठेवलेला बरा, असे अनेक सुशिक्षितांना मनापासून वाटते. कारकून टिपणीत ‘सँक्शन’ लिहितो, प्राध्यापक फळ्यावर ‘रेंट’ लिहितो, बँकेतील अधिकारी कर्जदाराला ‘डिफॉल्ट’ची अट सांगतो; वाक्यातील क्रियापद तेवढे मराठी राहते. अर्थ बिनचूक पोचला, असे या साऱ्यांना वाटत असते. हा विश्वास कितपत सार्थ आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘सँक्शन’ हाच शब्द घ्यावा. आपल्याकडील कार्यालयीन जीवनात याइतका प्रिय शब्द दुसरा नसेल. रजा सँक्शन होते, कर्ज सँक्शन होते, पद सँक्शन होते. येथे अर्थ एकच, तो म्हणजे मंजुरी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १९७ व्या कलमात सरकारी सेवकावर खटला चालविण्यापूर्वी शासनाची जी पूर्वमंजुरी सांगितली होती, तीही सँक्शनच. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. ही पूर्वमंजुरी मात्र तेथेही कायम आहे. परंतु मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचण्या केल्या, तेव्हा अमेरिकेने भारतावर जी ‘सँक्शन्स’ लादली ती मंजुरी नव्हती. ते आर्थिक निर्बंध होते. एकाच शब्दाने एका ठिकाणी दार उघडते आणि दुसऱ्या ठिकाणी ते बंद होते. मराठी वृत्तपत्राचा वाचक ‘मंजुरी’ आणि ‘निर्बंध’ या दोन शब्दांत कधी गोंधळणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र संदर्भ नीट लागेपर्यंत थांबावे लागते.

‘सँक्शन’ हा अपवाद असता तर गोष्ट वेगळी होती. पण अशा शब्दांची रांगच इंग्रजीत उभी आहे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक. एखाद्या गैरव्यवहाराच्या चौकशीत ‘अधिकाऱ्याच्या ओव्हरसाइटमुळे’ असे शब्द आले, तर त्या अधिकाऱ्याने लक्ष ठेवले की त्याचे लक्ष चुकले, हे पुढचे वाक्य वाचल्यावाचून कळू नये, हा योग मोठा विचित्र म्हणावा लागेल. ‘आऊटस्टँडिंग’ हा शेरा गोपनीय अहवालात मिळाला तर कर्मचारी धन्य होतो. तोच शब्द पतपेढीच्या पत्रात आला तर त्याची झोप उडते. पहिल्या ठिकाणी तो ‘उत्कृष्ट’ असतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘थकबाकी’.

दोन वाटांनी आलेले अर्थ

हे असे का घडले, याचे उत्तर शब्दांच्या इतिहासात मिळते. काही वेळा मुळात दोन निराळे शब्द असतात. काळाच्या ओघात त्यांचे उच्चार झिजतात आणि शेवटी त्यांचे रूप एक होते. ‘क्लीव्ह’ म्हणजे दुभंगणे आणि ‘क्लीव्ह’ म्हणजे चिकटून राहणे. प्राचीन इंग्रजीत यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदे होती. आज त्यांचे एकच रूप शिल्लक आहे. ‘लेट’ या शब्दाची कथाही अशीच आहे. परवानगी देणे हा त्याचा नेहमीचा अर्थ. पण अडथळा करणे अशा अर्थाचा दुसरा एक जुना शब्द झिजत झिजत याच रूपाला येऊन मिळाला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे योग्य चौकटीत पडला की पंच ‘लेट’ म्हणतो, तो हा दुसरा शब्द होय. भारतीय पारपत्राच्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला ‘लेट’ अथवा अडवणूक यांवाचून जाऊ द्यावे असे म्हटले आहे, तेथेही हाच अडथळ्याचा अर्थ आहे. पारपत्र जपून ठेवणाऱ्या किती जणांनी हा शब्द थांबून वाचला असेल?

दुसरी वाट म्हणजे एकाच शब्दाला दोन फांद्या फुटणे. ‘सँक्शन’ हा मूळचा लॅटिन शब्द. विधिपूर्वक पवित्र ठरविलेला नियम, असा त्याचा मूळ आशय होता. नियमाने जे मान्य केले ती एक फांदी, आणि नियम मोडणाऱ्यास जी शिक्षा व्हावयाची ती दुसरी. मूळ नियमाची आठवण पुसली गेली आणि परस्परविरोधी भासणारे दोन अर्थ तेवढे हाती राहिले. म्हणजे यात इंग्रजीचा काही खास दोष नाही. दीर्घकाळ वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत असे होतच असते. प्रश्न भाषेचा नाही, ती नेमकीच असते या श्रद्धेचा आहे.

भाषा एक, देश दोन

ही श्रद्धा खुद्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही महाग पडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका नुकतीच उतरली होती, तेव्हाचा एक प्रसंग विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासाच्या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात नमूद केला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी एक टिपण तयार केले होते व ते तातडीने चर्चेस यावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ते ‘टेबल’ करावे असे त्यांनी सुचविले. ब्रिटनमध्ये ‘टेबल’ करणे म्हणजे विचारार्थ पुढे ठेवणे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ बाजूला सारणे, लांबणीवर टाकणे असा होतो. अमेरिकन अधिकाऱ्यांनी जोरदार विरोध केला. दोन्ही बाजूंना मुळात एकच गोष्ट हवी आहे, हे ध्यानात येईपर्यंत बराच वेळ वाद चालला. आपल्या संसदीय व्यवहाराने ब्रिटिश अर्थ उचलला. मराठीत त्यासाठी ‘पटलावर ठेवणे’ आणि ‘लांबणीवर टाकणे’ असे दोन स्वच्छ शब्दप्रयोग आहेत. त्या बैठकीत मराठीतून बोलणे झाले असते, तर तो वाद उद्भवलाच नसता!

आकड्यांच्या शब्दांत तरी गोंधळ नसावा, अशी अपेक्षा कोणीही करील. तेथेही निराशाच पदरी येते. ‘बिलियन’ म्हणजे अमेरिकेत एक हजार दशलक्ष, म्हणजे शंभर कोटी. ब्रिटनमध्ये मात्र याच शब्दाने दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एक लाख कोटी, एवढी संख्या दाखविली जात असे. दोहोंत फरक हजारपटींचा. अखेर डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत स्पष्ट केले की ब्रिटिश सरकार यापुढे हा शब्द हजार दशलक्ष याच अर्थाने वापरील. त्यापूर्वीचे ब्रिटिश ग्रंथ चाळताना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आजही सावध राहावे लागते. ‘अब्ज’ म्हणजे शंभर कोटी, हे ज्याने शाळेत पाठ केले आहे त्याला कोणत्याही पंतप्रधानाच्या खुलाशाची गरज पडत नाही.

न्यायालयाच्या दारात

वाद मिटला तर हसून सोडून देता येते. पण पैसा गुंतला की शब्दाचा अर्थ न्यायालयाला ठरवावा लागतो. इंग्लंडमधील १८६४ चा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजूनही शिकविला जातो, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस बंद झाला होता आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईहून येणाऱ्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. भाव रोज वरखाली होत होते. अशा काळात ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने मुंबईहून येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गासड्यांचा सौदा झाला. ‘पीअरलेस’ म्हणजे जिला जोड नाही अशी. दुर्दैवाने तिला जोड होती. त्याच नावाची दोन जहाजे मुंबई बंदरातून निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि दुसरे डिसेंबरमध्ये. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरच्या जहाजाचा माल खरेदीदाराने नाकारला आणि निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. कागदावर दोघांचे शब्द अक्षरशः एक होते. अर्थ मात्र एक नव्हता.

यांत एका शब्दाने दोन वस्तू दाखविल्या गेल्या, तो शब्द विशेषनाम होता. सामान्य नामांची गतीही फारशी वेगळी नाही. १९६० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे ‘चिकन म्हणजे काय’ असा प्रश्न आला होता. स्वित्झर्लंडमधील एका खरेदीदाराने न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून ‘चिकन’ मागविले. त्याला भाजण्याजोगी कोवळी कोंबडी हवी होती; आली ती शिजवून रस्सा करण्याच्या लायकीची जून कोंबडी. विकणाऱ्याचे म्हणणे असे की इंग्रजीत दोन्ही चिकनच. मराठीत कोवळ्या मादीला ‘तलंग’ म्हणतात आणि खेड्यातील बाजारात कोणी तलंगेच्या भावाने जून कोंबडी घेणार नाही. या खटल्यातील खरी शिकवण मात्र पुढेच आहे. दोन्ही पक्षांचा पत्रव्यवहार बव्हंशी जर्मन भाषेत झाला होता. त्या जर्मन मजकुरात ‘चिकन’ हा इंग्रजी शब्द मुद्दाम घातलेला होता. खरेदीदाराचे म्हणणे असे की जर्मन शब्दात कोवळी आणि जून अशा दोन्ही कोंबड्या येतात, इंग्रजी शब्द मात्र कोवळ्या कोंबडीपुरताच आहे, अशा समजुतीने तो वापरला. आपला संकुचित अर्थ त्याला सिद्ध करता आला नाही आणि तो खटला हरला.

आपल्या भाषेतील शब्द संदिग्ध म्हणून परभाषेतील शब्द उचलावा आणि त्याच्या पोटातील संदिग्धता ध्यानात येऊ नये, ही त्या स्विस व्यापाऱ्याची चूक आपल्याकडील कार्यालयांत व वर्गांत रोज घडते. फरक इतकाच की तीवर खटला होत नाही.

रिकाम्या पिंपाचा धोका

अर्थाच्या अशा घोटाळ्याने नुकसान पैशाचेच होते असे नाही. बेंजामिन ली व्होर्फ हे अमेरिकन भाषाभ्यासक उपजीविकेसाठी हार्टफोर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत काम करीत. आगी कशा लागतात याचे शेकडो अहवाल त्यांच्या हाताखालून गेले. त्यांच्या ध्यानात आले की पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वावरतात; पण ‘एम्प्टी’, म्हणजे रिकामी, अशी नोंद असलेल्या पिंपांजवळ ती निर्धास्त होतात, विड्या ओढतात, थोटके फेकतात. वस्तुतः रिकाम्या पिंपात ज्वालाग्राही वाफ साठलेली असते आणि ते अधिक धोक्याचे असते. ‘रिकामे’ याचा एक अर्थ आत द्रव नाही असा, तर दुसरा अर्थ आता त्यात काही जोर उरला नाही, ते निरुपद्रवी झाले, असा. पाटी पहिल्या अर्थाने लावलेली असते आणि वाचणारा दुसऱ्या अर्थाने वागतो. मराठीतील ‘रिकामे’ हा शब्दही येथे तितकाच फसवा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

किंबहुना मराठीची थोरवी गाण्याचा येथे हेतूच नाही. ‘अर्थ’ या शब्दाचेच दोन अर्थ आहेत, एक आशय आणि दुसरा धन. अर्थशास्त्र हे नाव त्यांपैकी दुसऱ्यावर उभे आहे. ‘व्याज’ म्हणजे कर्जावरचा आकार. पण ‘निर्व्याज प्रेम’ असे म्हणताना बिनव्याजी प्रेम कोणाच्या मनात नसते, कारण तेथे व्याज म्हणजे कपट, निमित्त. ‘गुंतवणूक’ हा शब्दही दुहेरी आहे. बाजारात जुना शेअर विकत घेणारा गृहस्थ आपण गुंतवणूक केली असे म्हणतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ तिला गुंतवणूक मानीत नाही, कारण त्याने देशात नवे यंत्र वा नवी इमारत उभी राहत नाही. तथापि एक मोठा फरक आहे. मातृभाषेतील शब्दाचे दोन्ही अर्थ माणसाच्या कानाला ओळखीचे असतात आणि कोणता कोठे लागू पडतो, हे त्याला लहानपणापासून कळते. शिकलेल्या भाषेत बहुधा एकच अर्थ आधी भेटतो, आणि तोच सर्वत्र लावला जातो.

वर्ग आणि सहीचा कागद

वर्गात याचा प्रत्यय वारंवार येतो. ‘रेंट’ म्हणजे घरभाडे, एवढे घेऊन विद्यार्थी रिकार्डोपाशी येतो. रिकार्डोने १८१७ च्या ग्रंथात सांगितलेला ‘रेंट’ हा जमिनीच्या मूळ व अविनाशी शक्तींच्या वापराबद्दल मालकाला मिळणारा मोबदला आहे. मराठी क्रमिक पुस्तकांनी यासाठी ‘खंड’ हा शब्द स्वीकारला आणि तो योग्यच होता, कारण कूळ मालकाला खंड देते, भाडे देत नाही, हे ग्रामीण विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. इंग्रजी शब्दाने मात्र दोन्ही कल्पना एकाच पिशवीत घातल्या. पुढे १९७४ मध्ये ॲन क्रूगर यांनी भारत आणि तुर्कस्तान यांतील आयात परवान्यांचा अभ्यास करताना ‘रेंट सीकिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला. तो प्रथमच वाचणाऱ्याला ती भाड्याच्या घराची शोधाशोध वाटली, तर दोष त्याचा नव्हे. परवाना वा मक्तेदारी पदरात पाडून, नवे काहीही न निर्माण करता कमाई करण्याची धडपड, असे सरळ मराठीत सांगितले की मग शब्द कोणताही वापरला तरी चालतो.

परीक्षेतील चुकीने फार तर गुण जातात. सही करताना झालेली चूक घराला भोवते. आजच्या तरुणाने ‘डिफॉल्ट’ हा शब्द प्रथम भ्रमणध्वनीवर वाचलेला असतो. तेथे त्याचा अर्थ काहीही न निवडता आपोआप लागू राहणारी नेहमीची मांडणी, म्हणजे अगदी निरुपद्रवी अवस्था. कर्जाच्या करारनाम्यात तोच शब्द हप्ता चुकविणे, फेडीत कसूर होणे, या अर्थाने येतो आणि त्याच्या मागोमाग दंड व जप्ती येतात. ‘सिक्युरिटी’ म्हणजे दारावरचा पहारेकरी, भांडवल बाजारातला रोखा आणि बँकेकडे ठेवलेले तारण. ‘इंटरेस्ट’ म्हणजे आवड, हितसंबंध आणि व्याज. करारनाम्याच्या एका परिच्छेदात हे सारे शब्द दाटीने बसलेले असतात आणि कर्जदार ‘इंग्रजीत आहे म्हणजे पक्के असणार’ या भरवशावर खाली नाव लिहितो.

या बाबतीत नियमांनी काही पाऊल पुढे टाकले आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य अटींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि ते त्याला समजावून सांगणे बँकांवर बंधनकारक झाले. हा हक्क मोलाचा आहे. परंतु ‘सँक्शन’, ‘डिफॉल्ट’, ‘सिक्युरिटी’ हेच शब्द देवनागरी अक्षरांत छापून ‘हे मराठी’ असे म्हटले, तर त्या हक्काचे टरफल तेवढे हाती राहील. लिपी बदलल्याने भाषा बदलत नाही आणि अर्थ तर मुळीच उलगडत नाही.

भाषांतर करणारा कारकून ज्या क्षणी ‘सँक्शन’साठी ‘मंजुरी’ की ‘निर्बंध’ हे ठरवितो, त्या क्षणी त्याला वाक्य समजून घ्यावेच लागते. इंग्रजी शब्द तसाच ठेवणाऱ्यावर ही सक्ती नसते. तो न समजताही पुढे जाऊ शकतो, आणि त्याचे न समजणे वाचणाऱ्याच्या माथी मारले जाते. मूळ शब्द जसाच्या तसा ठेवण्याच्या आग्रहामागे पुष्कळदा नेमकेपणाची ओढ नसून निवड टाळण्याची सोय असते, हे कटू असले तरी खरे आहे.

शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. त्यांतील काही शब्द संस्कृतप्रचुर आहेत आणि जिभेवर रुळणारे नाहीत, ही टीका अयोग्य नाही. त्यावर उपाय सोपा शब्द शोधण्याचा आहे. मंजुरी, थकबाकी, तारण, कसूर, खंड, देखरेख, नजरचूक हे शब्द कोणा पंडिताने घडविलेले नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या व्यवहारात आहेत. शिक्षकाने पारिभाषिक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिताना त्याचा येथील अर्थ आणि त्याचा दुसरा अर्थ, असे दोन्ही मराठीत शेजारी लिहावेत. टिपणी लिहिणाऱ्याने शब्द इंग्रजी ठेवलाच, तर प्रथम येईल तेथे त्याचा आशय मराठीत द्यावा. आणि सही करणाऱ्याने, मग तो पदवीधर का असेना, समोरच्या अधिकाऱ्याला ‘या शब्दाचा येथे अर्थ काय?’ एवढे विचारण्यात कमीपणा मानू नये. मुंबईच्या कापसाच्या त्या सौद्यात दोन व्यापाऱ्यांपैकी एकाने ‘कोणते जहाज?’ एवढेच विचारले असते, तर १२५ गासड्यांसाठी न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली नसती.